लोन सेटलमेंट कंपनी घ्यावी का? दिराच्या केसमधला पूर्ण हिशेब

कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण एकतर यांचं सगळ्यांचं मॉडेल सारखंच आहे आणि दुसरं म्हणजे आमचं त्यांच्याशी शेवटी तडजोडीनं मिटलंय. ज्या कंपन्या इन्स्टावर जाहिरात करतात ना, "कर्जमुक्त व्हा, ५०% पर्यंत माफी, रिकव्हरी एजंटचे फोन बंद", त्यातलीच एक समजा. ॲप आहे, हिंदी इंग्रजी मराठी तिन्ही भाषेत बोलणारे लोक आहेत, वकिलांची टीम आहे. सर्व्हिस वापरली आमच्या धाकट्या दिरानं, कागद वाचले मी. मी स्वतः नाशिकला एका पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर बसते त्यामुळे थकबाकीदार काय बोलतो आणि वसुलीवाला काय बोलतो दोन्ही रोज ऐकते, तर त्या नजरेनं लिहिते.

आधी परिस्थिती. दीर चाकणला एका कंपनीत आहे, ओव्हरटाईम धरून बरं सुटायचं, ओव्हरटाईम बंद झाला तसे हातात ३४,००० यायला लागले. देणं असं: एक क्रेडिट कार्ड १,८५,०००, दुसरं कार्ड ९५,०००, एका एनबीएफसीचं (बँक नसलेली पण कर्ज देणारी वित्त कंपनी) पर्सनल लोन २,७०,००० शिल्लक, आणि ॲपवरून घेतलेलं एक लोन ९०,०००. टोटल ६,४०,०००. आता महिन्याचं बघा, पहिल्या कार्डाचं मिनिमम ९,२५०, दुसऱ्याचं ४,७५०, पर्सनल लोनचा हप्ता ११,५५० आणि ॲपवाल्याचा ८,२००, म्हणजे ३३,७५०. पगार ३४,०००. अडीचशे रुपयात घरभाडं, किराणा, पोराची फी. त्यामुळे एक कार्ड भरायला दुसरं कार्ड, हे सुरू होतंच.

मिनिमम ड्यू भरत राहिलं की आपण भरतोय असं वाटतं, पण पहिल्या कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के होतं, म्हणजे १,८५,००० वर ६,४७५, त्यावर १८% जीएसटी, झाले साधारण ७,६४०. भरले ९,२५०. मुद्दल किती कमी झालं, १,६०० च्या आसपास. आणि त्यात कार्डावर एकदा पेट्रोल टाकलं की तेही गेलं. हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं, स्टेटमेंटवर असतं पण ते वाचतं कोण.

अशात जाहिरात दिसली आणि यानं फॉर्म भरला. घरात सांगितलं नाही, जाऊबाईंना पण नाही. मला कळलं तोपर्यंत ॲग्रीमेंट झालेलं होतं.

आता सर्व्हिस काय आहे ते सांगते. ते तुमची सगळी कर्जं "प्रोग्राम" मध्ये घेतात. तुम्ही बँकेला भरायचं थांबवता, दर महिन्याला एका वेगळ्या सेव्हिंग खात्यात पैसे साठवता, खातं नव्वद दिवसांच्या पुढे थकलं की एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबी बुडीतकडे गेलेलं खातं, होतं, मग बँक सेटलमेंटच्या मूडमध्ये येते आणि यांचा माणूस किंवा वकील घासाघीस करून एकरकमी आकडा ठरवतो. फी दोन प्रकारची. एक महिन्याची, जी एकूण कर्जावर ठरते, आमची ४,५०० अधिक जीएसटी म्हणजे ५,३१०. दुसरी सक्सेस फी, सेटलमेंटच्या रकमेच्या १५% अधिक जीएसटी.

इथेच पहिली मेख आहे, महिन्याची फी एकूण कर्जावर असल्यामुळे सेल्सवाल्याला तुमचं जास्तीत जास्त कर्ज आत घालायचं असतं. दिराचं पर्सनल लोन त्यात घालायची काहीएक गरज नव्हती, व्याजदर १८% होता, बाकीच्यांच्या मानानं कमी, हप्ता जरा लांबवून मिळाला असता तर ते झेपत होतं. पण ते पण प्रोग्राममध्ये, ते पण थांबवा.

आणि "थांबवा" हे फक्त फोनवर हां! ॲग्रीमेंट मी ओळ न ओळ वाचलं, त्यात लिहिलंय की ग्राहकानं आपल्या आर्थिक अडचणीमुळे हप्ते थांबवण्याचा निर्णय स्वतः घेतलेला आहे आणि त्याच्या परिणामांना कंपनी जबाबदार नाही. फोनवर मुलगी गोड आवाजात सांगते "सर ईएमआय अजिबात भरू नका, नाहीतर बँक सेटलमेंटला येणारच नाही" आणि कागदावर तुमचा स्वतःचा निर्णय. वसुलीच्या धंद्यात इतकी वर्षं आहे पण इतकं सफाईदार काम आमच्याकडे पण होत नाही.

हप्ते थांबवल्यावर काय काय होतं त्यातलं निम्मं सांगितलंच नव्हतं. पहिलं म्हणजे त्याचं सॅलरी खातं आणि मोठं कार्ड एकाच बँकेचं. तीन महिने झाल्यावर बँकेनं खात्यावर लीन मार्क केलं, म्हणजे आतले पैसे अडकवले, पगार आला आणि ब्लॉक झाला, एटीएममधून पाचशे पण निघेनात. कार्डाच्या अटीत बँकेला तसा हक्क दिलेला असतो, त्यामुळे भांडूनही फार उपयोग नाही. सॅलरी खातं आधी दुसऱ्या बँकेत हलवायचं ही एवढी साधी गोष्ट कोणीही सांगितली नाही. दुसरं, नॅच (खात्यातून हप्ता आपोआप कापायची बँकेला दिलेली परवानगी) बाऊन्स. हप्ता ऑटो डेबिट असेल आणि खात्यात पैसे नसतील तर चेक बाऊन्ससारखाच गुन्हा होऊ शकतो, पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट २००७ चं कलम २५, दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा रकमेच्या दुप्पट दंड किंवा दोन्ही. सगळ्यांना चेक बाऊन्सचं कलम १३८ माहीत असतं, हे माहीत नसतं. दर बाऊन्सला दोन्हीकडच्या बँकांचे चार्जेस वेगळेच.

नुसतं कर्ज थकलं म्हणून जेल होत नाही हे खरंय, ते दिवाणी प्रकरण आहे, सुप्रीम कोर्टानं १९८० मध्येच जॉली जॉर्ज वर्गीसच्या केसमध्ये सांगितलंय की ज्याच्याकडे खरंच द्यायला नाही त्याला डिक्रीसाठी (कोर्टाच्या वसुलीच्या हुकमासाठी) तुरुंगात टाकता येत नाही. पण बाऊन्स झालेला चेक आणि नॅच हा वेगळा विषय आहे, एजंट लोक मुद्दाम दोन्ही एकत्र करून घाबरवतात आणि सेटलमेंटवाले मुद्दाम दोन्ही एकत्र करून "काही होत नाही" म्हणतात.

आता चांगलं काय ते पण लिहिते, उगाच शिव्याच घालायला बसलेले नाही.

कॉल फॉरवर्डिंग. ॲपमध्ये एक नंबर देतात, बँकेचे फोन तिकडे वळवायचे, त्यांची माणसं उचलतात. दिवसाला तीस चाळीस फोन येत होते ते खरंच पाच सहावर आले, आणि दीर रात्री झोपायला लागला, त्याची किंमत मी कमी लेखणार नाही. पण एजंट घरी यायचा तो आलाच, आणि आला कुठे तर नाशिकला सासऱ्यांकडे, कारण लोनच्या फॉर्मवर कायमचा पत्ता तो. संध्याकाळी साडेसातला बेल वाजली. मीच दार उघडलं. म्हटलं ऑथोरायझेशन लेटर दाखव. त्यानं लॅमिनेट केलेलं आयकार्ड दाखवलं, त्यावर एजन्सीचं नाव, बँकेचं कुठेच नाही. म्हटलं हे नाही, बँकेनं तुमच्या एजन्सीला दिलेलं पत्र. तर म्हणे ते ऑफिसात आहे. मग त्याला घड्याळ दाखवलं. आरबीआयचा नियम आहे, वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन पण करता येत नाही, आणि घरच्यांना किंवा शेजाऱ्यांना कर्जाचं सांगत फिरणं तर अजिबात नाही. पोरगं होतं बावीस तेवीसचं, गाडीवर कुठून कुठून फिरून आलेलं, टार्गेटनं पिळलेलं. पाणी दिलं आणि पाठवलं. त्या रात्रीच बँकेच्या तक्रार विभागाला मेल टाकला, तारीख, वेळ, आयकार्डाचा फोटो लावून. परत कोणी आलं नाही. तीस दिवसात बँकेनं उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही तर आरबीआय लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, १४४४८ वर फोन करून विचारता पण येतं, आणि हे सगळं फुकट आहे. कंपनीच्या पॅकेजमध्ये "अँटी हॅरॅसमेंट शील्ड" म्हणून जे विकतात ते म्हणजे हाच मेल, त्यांच्या लेटरहेडवर.

वकील मात्र कामाचा निघाला. ॲपलोनवाल्या एनबीएफसीनं आर्बिट्रेशनची (कोर्टाऐवजी लवादासमोर निकाल) नोटीस पाठवली, त्यात आर्बिट्रेटर म्हणजे लवाद त्यांनीच एकतर्फी नेमलेला आणि सुनावणी ऑनलाईन. दीर तर नोटीस बघूनच गार पडला. कंपनीच्या वकिलानं दोन पानी उत्तर दिलं की केसमध्ये ज्याचा हितसंबंध आहे तो एकटाच आर्बिट्रेटर नेमू शकत नाही, सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा पर्किन्स ईस्टमनचा निकाल आहे, आम्ही या नेमणुकीला हरकत घेतो. उत्तर नीट होतं, वेळेत होतं. त्यानंतर समोरच्यांची भाषा बदलली आणि सेटलमेंटचा पहिला आकडा तिथूनच आला. हे घरच्या घरी झालं नसतं, मान्य.

आता हिशेब, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

सात महिन्यात कंपनीनं दोन खाती मिटवली. मोठं कार्ड, ते तोपर्यंत व्याज आणि लेट फी लागून २,३०,००० झालेलं, ते १,०५,००० ला. ॲपलोन १,०८,००० झालेलं, ते ६०,००० ला. ॲपमध्ये हिरव्या अक्षरात आलं "अभिनंदन, तुमची बचत १,७३,०००". बघायला लई भारी. पण ही बचत मोजली कुठून, तर फुगलेल्या आकड्यावरून, आणि तो आकडा फुगला कशानं तर यांनी भरू नका सांगितलं म्हणून. ज्या दिवशी दीर यांच्याकडे गेला त्या दिवशी ही दोन खाती मिळून २,७५,००० होती. बँकांना गेले १,६५,०००. कंपनीला सात महिन्यांची फी ३७,१७०, कार्डाची सक्सेस फी १८,५८५, ॲपलोनची १०,६२०, मिळून ६६,३७५. म्हणजे खिशातून गेले २,३१,३७५. खरी बचत ४३,६२५. एक लाख त्र्याहत्तर हजार कुठे आणि हे कुठे! या त्रेचाळीस हजारांसाठी सिबिलवर दोन ठिकाणी "सेटल्ड" शिक्का बसला.

सेटल्ड आणि क्लोज्ड यात जमीन अस्मानाचा फरक आहे. सेटल्ड म्हणजे या माणसानं पूर्ण दिले नाहीत, बँकेनं नाईलाजानं मिटवलं. ती नोंद सात वर्षं दिसत राहते. आरबीआयच्या जून २०२३ च्या सर्क्युलरप्रमाणे शेतीकर्ज सोडून बाकी कर्जात तडजोड झाली की त्याच बँकेनं कमीत कमी बारा महिने नवीन कर्ज द्यायचं नाही असा कूलिंग पिरियड पण आहे. पुढे पैसे आले तर उरलेली रक्कम भरून स्टेटस क्लोज्ड करून घेता येतं, बँकेकडून नो ड्यूज (काही बाकी नाही असा दाखला) घेऊन. सेल्सवाली म्हणाली होती "सर सिबिल सहा महिन्यात रिपेअर". बाई, सिबिल म्हणजे काय डेंट पडलेली गाडी आहे का.

दोन खाती राहिली होती ती आम्ही कंपनीच्या बाहेर मिटवली.

पर्सनल लोन प्रोग्राममधून काढायला सांगितलं तर आधी टाळाटाळ, मग "मॅम तुमचा डिस्काउंट स्लॅब बदलेल" वगैरे. काढलंच. एनबीएफसीच्या ब्रँचला दिराला घेऊन गेले, पगाराच्या आधीच्या आणि आताच्या स्लिपा, ओव्हरटाईम बंद झाल्याचं एचआरचं पत्र, आणि एक साधा अर्ज की द्यायचे आहेत पण हा हप्ता झेपत नाही, मुदत वाढवून द्या. थकलेलं भरून घेतलं आणि उरलेले २,७०,००० पाच वर्षांवर नेऊन दिले, हप्ता ६,८५०. एकूण व्याज वाढलं, पूर्वीच्या हिशोबानं पाऊण लाखाच्या आसपास जास्त जाणार, पण महिन्याला ४,७०० सुटले आणि सेटल्डचा शिक्का नाही. (रिस्ट्रक्चर्ड अशी नोंद होते, ती पण फार चांगली नाही, पण हप्ते नियमित गेले तर पुढचा बँकवाला ऐकून तरी घेतो.) फुकट झालं.

दुसरं कार्ड लोक अदालतीत मिटलं. बँकेनं दावा दाखल करायच्या आधीची नोटीस पाठवली होती, शिवाजीनगर कोर्टात राष्ट्रीय लोक अदालतीची तारीख. ज्यांना अशी नोटीस येते ते घाबरून जातच नाहीत, मी म्हणते जाच. आवारात ही गर्दी, प्रत्येक बँकेचं टेबल, मागे बॅनर, समोर लोक पिशवीत कागद घेऊन उभे. बाकी १,२०,००० झालेली. बँकेचा माणूस ८०,००० वर बसला. दीर म्हणाला साहेब एकदम होणार नाही आणि एवढे तर मुळीच होणार नाहीत. तेवढ्यात पॅनेलवरच्या वकील मॅडमनी पगाराची स्लिप मागून घेतली, बघितली, आणि बँकवाल्याकडे सरकवली. काही बोलल्या पण नाहीत. मग ७०, मग ६२, शेवटी ५८,००० तीन हप्त्यात. कोर्ट फी शून्य. लोक अदालतीचा निवाडा कोर्टाच्या डिक्रीसारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून हप्ते जमणार असतील तरच सही करा, एक जरी चुकला तर बँक सरळ वसुलीला जाऊ शकते. ज्यांना वकील हवाय आणि परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारावं, बायकांना तर उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळतो.

दिवाळखोरीचं पण विचारलं होतं आम्ही, कारण कंपनीच्या जाहिरातीत "दिवाळखोरीला उत्तम पर्याय" असं होतं आणि दिराच्या डोक्यात बसलेलं की अमेरिकेत कसं कोर्टात जाऊन सगळं माफ होतं तसं इथे असेल. इथे त्या पर्यायाची अवस्था बघा. २०१६ चा इन्सॉल्व्हन्सी अँड बँक्रप्सी कोड आहे, त्यात सामान्य माणसासाठी पूर्ण भाग लिहिलेला आहे, पण तो लागू केलाय फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना, १ डिसेंबर २०१९ पासून. पगारदाराला, दुकानदाराला नाही. त्यात "फ्रेश स्टार्ट" म्हणून सगळं माफ करायची तरतूद आहे तिच्या अटी तर वाचाच: वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, कर्ज ३५,००० च्या आत आणि स्वतःचं घर नको. चांगला मोबाईल असला तरी माणूस बाद व्हायचा. आणि ते पण अजून सुरू नाही. त्यामुळे आपल्याला लागतो इंग्रजांचा कायदा, मुंबई शहरात १९०९ चा आणि बाकी महाराष्ट्रात १९२० चा प्रॉव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट. १९२० च्या कायद्यात कर्ज कमीत कमी पाचशे रुपये हवं असं आहे, हसू नका, खरंच आहे. जिल्हा कोर्टात अर्ज, नादार जाहीर होणं, मालमत्ता रिसीव्हरच्या (कोर्टानं नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात, मग पुढे कधीतरी डिस्चार्ज, म्हणजे कर्जातून सुटका. ओळखीच्या वकिलांना विचारलं तर म्हणाले ताई करता येईल पण मी आजवर एकही केलेली नाही. म्हणजे कंपनी ज्याला पर्याय म्हणून स्वतःला विकते तो रस्ता पगारदारासाठी चालू स्थितीतच नाहीये.

उलट साध्या दिवाणी कायद्यात जे संरक्षण आहे ते कोणी सांगत नाही. समजा बँकेनं दावा लावला आणि डिक्री झाली तरी पगार पूर्ण जप्त होत नाही, पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडावे लागतात, म्हणजे ३४,००० मधून जास्तीत जास्त ११,०००. पीएफला हात लावता येत नाही. हे कळल्यावर दीर जरा सरळ बसला.

रिफंडचं. दोन खाती बाहेर मिटवल्यावर कंपनीला बंद करा म्हटलं तर फी नॉन रिफंडेबल. ज्या खात्यांवर काहीच केलं नाही त्यांची पण फी घेतलीत हे चालेल का, तर कलम अमुक बघा. या कंपन्या बँक पण नाहीत आणि एनबीएफसी पण नाहीत, त्यामुळे यांच्याविरुद्ध आरबीआय लोकपाल चालत नाही, ग्राहक म्हणून जावं लागतं. १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवली, फोन रेकॉर्डिंगमधलं ते "अजिबात भरू नका" वालं वाक्य लिहून दिलं. मग त्यांचा सिनियर माणूस फोनवर आला आणि दोन महिन्यांची फी परत मिळाली, १०,६२०. त्यामुळे वरच्या हिशेबातली बचत तेवढी वाढवून वाचा. नसती दिली तर जिल्हा ग्राहक आयोगात गेलोच असतो, पाच लाखापर्यंतच्या केसला तिथे फी नाही.

ज्यांना तरीही घ्यायचीच आहे त्यांनी एवढं बघा. फी एकूण कर्जावर आहे की फक्त मिटलेल्या खात्यावर हे आधी विचारा, फक्त मिटलेल्यावर घेणारे पण आहेत. सेटलमेंट लेटर बँकेच्या लेटरहेडवर हवं, त्यात लोन नंबर, रक्कम, शेवटची तारीख आणि "पूर्ण व अंतिम" हे शब्द हवेत, व्हॉट्सॲपवरचा फोटो चालत नाही, बँकेच्या अधिकृत मेलवरून मागा. पैसे थेट लोन किंवा कार्डाच्या खात्यात, एजंटच्या यूपीआयवर एक रुपया नाही. आणि पैसे भरल्यावर नो ड्यूज हातात येईपर्यंत पिच्छा सोडू नका, आमच्या मोठ्या कार्डाचं नो ड्यूज दोन रिमाइंडरनंतर आलं.

खाजगी सावकाराचे पैसे असतील तर या कंपनीचा काहीच उपयोग नाही, ते घेत पण नाहीत. त्यासाठी सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकाकडे जा, महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे लायसन्स लागतं, विनापरवाना सावकारी गुन्हा आहे.

रेटिंग: वकील ४ स्टार, कॉल फॉरवर्डिंग ३, ॲप २ (बचतीचा तो हिरवा आकडा काढला तर ३), सेल्स टीम शून्य. सगळं मिळून २. थकलेलं एकच खातं असेल आणि आर्बिट्रेशनची नोटीस आलेली असेल तर सरळ तेवढ्यापुरता वकील करा, त्याची दोन पानं या पॅकेजपेक्षा स्वस्त पडतील.